दुसरी काठी

दसऱ्याच्या दिवशी दुपारी सव्वाचारला, अधारतालच्या चौकात, बंदोबस्तावरच्या एका शिपायाने माझ्या बाबांना दोन काठ्या मारल्या. गुन्हा? ते त्याला सोनं द्यायला गेले होते.

दसऱ्याला आपट्याची पानं सोनं म्हणून वाटायची ही आमची रीत. जबलपुरात अर्ध्या लोकांना ती ठाऊक नाही, हे इथल्या तोफगोळ्यांच्या कारखान्यात तीस वर्षं काढूनही बाबांच्या डोक्यात शिरलेलं नाही. देवीच्या मिरवणुकीची ही गर्दी. बाबांनी मागून जाऊन शिपायाच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसरा हात पिशवीत घातला. तो गर्रकन वळला. पहिली काठी मनगटावर बसली. पानं रस्त्यावर सांडली. पानंच आहेत हे त्याने पाहिलं, आणि मग दुसरी पाठीवर हाणली.

"तीस वर्षं बारूद हाताळली, ओरखडा नाही," आई हळदीचा लेप लावत म्हणाली. "पानं वाटायला गेले अन् हे घेऊन आले!" बाबाच सगळ्यात जास्त हसले.

मी तोवर पत्रक लिहायला बसले होते. मथळा: वर्दीतला राक्षस.

"राक्षस काहून लिहून राहिली गं? पोरगं माझ्यापेक्षा जास्त थरथरत होतं," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तक्रार घेऊन आम्ही ठाण्यात गेलो, तर तो शिपाई फाटकापाशीच भेटला. बाबांचं मनगट पाहून ओशाळला.

"अंकल, सुबह पाँच बजे से खड़ा था. साहब ने सबके सामने झाड़ा था. थैले में हाथ देखा तो डर गया."

"अच्छा. और दूसरी?" मी विचारलं.

तो बुटांकडे बघत म्हणाला, "पत्ते देखके साथवाले हँस पड़े थे."

घ्या! भीतीने उठलेल्या काठीवर विश्रांती आणि प्रशिक्षण हे औषध आहे. पण चारचौघांत हसं झालं म्हणून जी उठते, तिला फक्त एवढंच थांबवू शकतं: हिची नोंद होईल, हे त्याला माहीत असणं. माझा मथळा मी तिथेच खोडला.

आत ठाणेदार म्हणाले, "भीड़ में एक लग गई होगी. दूसरी का गवाह है?" शिपायाचं फाटकावरचं बोलणं फाटकावरच राहिलं.

चौकातल्या मिठाईवाल्याने सगळं पाहिलं होतं. त्याने आम्हाला जिलबी दिली, बाबांची पाठ थोपटली (नेमकी दुखरी!), आणि सही सोडून सगळं केलं. "दीदी, रोज़ इन्हीं के सामने दुकान खोलनी है."

"जाऊ दे, पोरगं वाईट नाही," बाबा म्हणाले.

"बाबा, वाईट नाही म्हणूनच लढून राहिली. वाईट असता तर एका बदलीत काम भागलं असतं."

तक्रारीत दुसरी काठी अजून अधांतरी आहे; साक्षीदाराची जागा कोरी. त्या दुपारी चौकात शंभरेक माणसं होती, निम्म्यांच्या हातात मोबाइल. तुम्ही त्यांतले असाल, तर "मार खाणाऱ्याने काहीतरी केलंच असेल" म्हणणं बंद करा. ठाण्यात चला, मी सोबत येते. जे पाहिलं ते सांगा आणि खाली सही करा.