आमची शुक्रवारची मंडळी आणि मोह

मोह कुणालाच सुट्टी देत नाही, त्यामुळे आमच्याकडे किस्से काही कमी पडत नाहीत! राजपुरा मोहल्ल्यात माझ्या घरी दर शुक्रवारी संध्याकाळी दहा-बारा जणांची प्रार्थनासभा भरते. प्रार्थना झाली की चहा, आणि चहासोबत प्रत्येकाने सांगायचं, या आठवड्यात कोणत्या मोहाशी गाठ पडली आणि पुढे काय झालं. नियम एकच. हरलात तरी सांगायचं. म्हणून तर अर्ध्या तासाची सभा दोन तास चालते!

*

विजयभाऊ कागद कारखान्यात मशीनवर आहेत. वीस वर्षं गुटखा. डॉक्टर ओरडले, बायको रडली, पुडी काही सुटली नाही. एका शुक्रवारी ते उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्याच्यानं होत नाही हे मला कळलं. आता प्रभूच्या भरवशावर सोडतो. तुम्ही सगळे साक्षीदार."

शनवारा चौकातला पानवाला सवयीने पुडी पुढे करायचा. विजयभाऊ हात जोडायचे, "नको." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही. पंधराव्या दिवशी पानवालाच वैतागला.

"भाऊ, तुम्ही त्या मागच्या गल्लीतून जात जा ना! तुमचं रोजचं नको-नको पाहून माझे दोन गिऱ्हाईक बी सुटले!"

विजयभाऊ म्हणाले, "वीस वर्षं इथंच उभं राहून हो म्हटलं ना रे. मग नको बी इथंच म्हणेन!"

*

आता माझा. मी शाळेत गणित शिकवतो, आणि गोड पाहिलं की माझं गणित चुकतं. त्या वर्षी ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस गोड बंद, असं मी प्रभूपुढे ठरवलं होतं. नेमका तेव्हाच रमजान आला.

माझे सहकारी फारूख सर रोजे ठेवत होते. शाळेतून घरी जाताना त्यांनी इफ्तारसाठी मावा जिलेबी घेतली. गरमागरम! स्कूटर ते चालवत होते आणि पुडा माझ्या मांडीवर. कागदातून पाक झिरपत होता. पुढे केळीचा ट्रक अडकलेला, रस्ता जाम. मी मनातल्या मनात प्रार्थना सुरू केली.

फारूख सरांनी मागे वळून विचारलं, "सायमन सर, मेरा तो शाम को मगरिब की अजान तक है। आपका?"

"ईस्टरपर्यंत. अजून दोन आठवडे."

"या अल्लाह!" त्यांनी तिथल्या तिथे स्कूटर बंद केली. "पुडा इधर दो, गाडी आप चलाओ!"

*

रूथ कॉलेजात शिकते. दिवसभर रील बघायची. एकदा तिने ठरवलं की प्रार्थना झाल्याशिवाय फोनला हात नाही. फोन मम्मीकडे सोपवला. तीन दिवसांनी सभेत दोघी शेजारी शेजारी बसलेल्या.

रूथ म्हणाली, "माझ्यासाठी आता प्रार्थना नका करू, मी ठीक आहे. मम्मीसाठी करा!"

*

सुमनवहिनींचा मोह म्हणजे दुसऱ्यांच्या घरातल्या गोष्टी. हे त्यांनी स्वतःच सांगितलं. त्यांची बहीण इच्छापुरला दिलेली. रोज दुपारी फोन, आणि अख्ख्या नात्यागोत्याची झाडाझडती!

वहिनींनी मनाशी पक्कं केलं. बहिणीने "तुला कळलं का गं, तिच्या सुनेचं?" अशी सुरुवात केली की या म्हणायच्या, "थांब. आधी आपण दोघी त्या सुनेसाठी प्रार्थना करू." पहिल्या दिवशी बहीण हसली. दुसऱ्या दिवशी तिने फोन आपटला. मग आठ दिवस फोनच नाही. वहिनींचा जीव कासावीस! नंबर काढायच्या, परत ठेवायच्या. पण ठरवलेलं मोडलं नाही.

नवव्या दिवशी फोन वाजला. बहीणच होती. म्हणाली, "ताई, आज दुसऱ्या कोणाचं नाही. माझंच सांगते."

*

आमच्या चर्चचे पाळकसाहेब तसे शांत. पण एकदा केळी भरलेला ट्रॅक्टर त्यांच्या स्कूटरला घासून गेला आणि साहेबांच्या तोंडून एक अस्सल खानदेशी शिवी निघाली! रविवारी त्यांनी भर उपासनेत कबुली दिली, "माझ्या हातून पाप झालं. मी शिवी दिली."

पहिल्या बाकावरच्या आजींनी मोठ्याने विचारलं, "कोणती?"

सगळं चर्च हसलं. दुसऱ्या दिवशी साहेब केळीच्या लिलावात गेले, तासभर हिंडून तो ट्रॅक्टरवाला शोधला आणि माफी मागितली.

ट्रॅक्टरवाला गोंधळला. "शिवी? इंजिनाच्या आवाजात मला तर काहीच ऐकू नाही आलं, साहेब."

"मला आलं ना," पाळकसाहेब म्हणाले.

*

मार्था सिस्टर एका दवाखान्यात ड्रेसिंग करतात. फार कमी बोलतात. सभेत त्यांनी आजवर एकच किस्सा सांगितला.

त्यांचे यजमान एका गिरणीत कामाला होते. तिथल्या सुपरवायझरने स्वतःची चूक झाकायला त्यांच्यावर चोरीचा आळ घेतला. नोकरी गेली. माणूस घरात बसला, लोकांत जायचा बंद झाला आणि दोन वर्षांत गेला. त्या सुपरवायझरचा चेहरा सिस्टर विसरल्या नव्हत्या.

एका दुपारी तोच माणूस त्यांच्या टेबलावर येऊन बसला. म्हातारा झालेला, साखरेचा आजार, पायाला मोठी जखम. सोबत कुणी नाही. त्याने सिस्टरला ओळखलं आणि मान खाली घातली.

जुनी पट्टी जखमेला चिकटून वाळली होती. अशी पट्टी सलाईनने भिजवून सोडवावी लागते. कोरडी ओढली तर माणूस किंचाळतो. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, आणि घाईत पट्टी ओढली गेली म्हणून कुणी जाब विचारणार नव्हतं.

सिस्टरने पट्टीचं टोक चिमटीत धरलं. त्यांनी डोळे मिटले आणि ओठांत काहीतरी पुटपुटू लागल्या.

त्याने घाबरत विचारलं, "सिस्टर, माझ्यासाठी प्रार्थना करताय का?"

"नाही साहेब," सिस्टर म्हणाल्या. "माझ्या हातांसाठी."

आणि त्यांनी सलाईनची बाटली उघडली.