‘हं’ म्हटलं की पान उलटायचं

शिलाईवाल्या बाईंचा हात भराभर चालायचा, आणि तोंड त्याहून भराभर. नवरा घड्याळजी. दुकानात भिंतभर घड्याळं टिकटिकत असायची, पण या माणसाला म्हणून कधी घाई नाही! जेवायला बसला तरी घास चावतोय की मोजतोय, कळू नये.

लग्न नवं होतं तेव्हा वाचनालयातून एका वेळी एकच पुस्तक मिळायचं. दोघंही वाचनवेडी. आधी कोणी वाचायचं यावरून पहिल्याच पुस्तकाला असं कडाक्याचं भांडण झालं, की शेजारीण सोडवायला आली. शेवटी दोघं पलंगावर खेटून बसली, पुस्तक अर्धं त्याच्या मांडीवर, अर्धं तिच्या. ती उजवीकडे, म्हणून पान उलटायचं काम तिचं. तो "हं" म्हणाला की उलटायचं. दोघांचे केस पांढरे झाले, तरी रोज संध्याकाळी हेच चालू होतं.

आता मात्र बाईंना घाई झाली होती. घड्याळजींचा एक डोळा केव्हाच गेला होता. दुसराही जाऊ नये म्हणून सोमवारी ऑपरेशन ठरलं होतं. "पुढे दिसेलच असं नाही सांगता येत," डॉक्टर म्हणाले होते. हातातली जाडजूड कादंबरी त्याआधी दोघांनी मिळून संपवायची, एवढंच तिनं मनाशी धरलं होतं. आणि हे महाराज आपले निवांत!

शनिवारी तिचा धीर सुटला. "अहो, म्हणा की लवकर ‘हं’! माझं केव्हाच वाचून होतं. जन्मभर तुमच्यासाठी खोळंबले मी!"

घड्याळजींनी चष्मा काढला. "माझ्यासाठी? अगं, मी वाचून कधीचा बसलेला असतो. तू पान उलटत नाहीस, म्हणून शेवटी ‘हं’ करून तुला हलवतो."

"मग आधीच नाही का हलवायचं?"

"मला वाटायचं, दिवसभर सुईत डोळे घालून बसतेस, थकत असतील. कशाला घाई करा?"

बाई आधी भडकल्या, मग इतक्या हसल्या की उचकी लागली. "अगं बाई! आपण दोघंही शहाणीच!"

मग काय विचारता! पानं सपासप उलटू लागली. रविवारी चहा झाला, भांडी तशीच राहिली, आणि संध्याकाळी शेवटचं पान आलं.

तिचं वाचून झालं. बोट सवयीनं कोपऱ्यावर गेलं. तिनं हळूच पाहिलं, तर त्याची नजर शेवटच्या ओळीखालच्या कोऱ्या जागेवर होती. ‘हं’ काही येईना.

"झालं का हो?"

"नाही अजून," घड्याळजी म्हणाले.

धडधडीत खोटं. बाईंनी कोपऱ्यावरचं बोट काढून घेतलं.

"माझंही नाही झालं," त्या म्हणाल्या. "वाचा सावकाश."