सूर्य बुडायच्या आधीची अजान

अर्धा खजूर गिळून झाला तेव्हा समोरच्या सतरंजीवरचा म्हातारा माझ्याकडे टक लावून बघत होता. त्याच्या पुढ्यात पाणी होतं, सूप होतं, खजूर होते, आणि त्याने कशालाही हात लावलेला नव्हता. त्याच्या शेजारच्यानेही नाही. सगळा बाजार मुकाट बसून होता आणि खात होते मी एकटी.

"किती वाजले गं?" मी नातीला विचारलं.

"फाइव्ह थर्टी, दादी."

मगरिबला, सूर्य बुडून रोजा सोडायच्या वेळेला, अजून पंचवीस मिनिटं होती.

"मग आत्ता अजान कसली झाली?"

मी मागे वळून बघितलं. माझ्या पाठीमागे स्टुलावर डब्याएवढा स्पीकर ठेवलेला होता. कॅमेरेवाला तो बंद करत होता. अजान त्यातून वाजली होती.

तोंडात होतं ते मी रुमालात थुंकले. पोटात गेलं होतं ते गेलंच.

हा सगळा प्रकार नातीने घरात आणला. पुण्याहून एक मुलगी कॅमेरेवाल्याला घेऊन कुवेतला आली होती. शहरोशहरी फिरून तिथलं खाणं दाखवायचं आणि खाता खाता गाव दाखवायचं, असा तिचा मराठी कार्यक्रम. तिला इथे जुनी झालेली मराठी बाई हवी होती. नातीने परस्पर माझं नाव दिलं. नात जन्मली इथे, मराठी समजते सगळी, उत्तर मात्र इंग्रजीत. मी म्हटलं, रमजानमध्ये खाण्याचं काय दाखवणार? तर म्हणे इफ्तार दाखवायची, जुन्या बाजारात, उघड्यावर.

मी एकच अट घातली, माझ्या रोजाला धक्का लागता कामा नये. मागच्या वर्षी पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि महिनाभर एकही रोजा झाला नाही. हिवाळ्यात एकेक करून भरले, पण ते रमजानचे नव्हेत. यंदा फरवानियाच्या दवाखान्यातले आपले मराठी डॉक्टर नको म्हणत होते. मुलगा नको म्हणत होता. मी सगळ्यांशी भांडून ठेवले. बावीस झाले होते. पुढच्या वर्षी शरीर देईल की नाही ते मला माहीत नाही, म्हणून यंदाचे सगळे हवे होते.

"आजी, काळजीच करू नका," ती पुण्याची मुलगी म्हणाली होती.

दुपारी दोनला त्यांनी मला गाडीत घातलं. आधी गावाच्या जुन्या भिंतीचा दरवाजा. तिथे मी चालत यायचं. आले. परत यायचं. परत आले. चौथ्या वेळी मी म्हटलं, "दरवाजा तोच आहे, बाईही तीच आहे, तुम्हाला नवीन काय दिसतंय?" कॅमेरेवाला हसला. ती म्हणाली, "आजी, तुम्ही भारी आहात."

मग जुना बाजार. मासळीच्या ठेल्यावर तिने मला पापलेट हातात घ्यायला लावलं. इथे त्याला जुबैदी म्हणतात.

"जरा आश्चर्य वाटल्यासारखं करा ना."

"पस्तीस वर्षं घेतेय ही मासळी. आश्चर्य कसलं?"

"नाही, पण बघणाऱ्यांना पहिल्यांदाच दिसतेय ना."

"मग त्यांना वाटू दे आश्चर्य."

मासळीवाला खोळंबला होता. त्याच्या गिऱ्हाइकांना आमच्या मागून हात घालून मासे निवडावे लागत होते. मला लाज वाटली. केशराच्या दुकानात सहा वेळा वास घ्यायला लावला. रोजा असताना सहा वेळा. घसा कोरडा पडला, पाय सुजले. नातीला म्हटलं, घरी चल. ती म्हणाली, "जस्ट वन लास्ट शॉट, दादी."

तो शेवटचा म्हणजे सतरंजीवर बसून रोजा सोडायचा. बसवताना पुण्याच्या मुलीने माझं घड्याळ काढून घेतलं. काच चमकते म्हणाली. मी दिलं. तिथे मी चुकले. मग ती, कॅमेरेवाला आणि नात आपसात इंग्रजीत काहीतरी ठरवत राहिले आणि थोड्या वेळाने अजान झाली. रमजानमध्ये रोज मगरिबच्या अजानआधी जवळच्या राजवाड्यातली तोफ उडते. ती ऐकू आली नाही, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पण साडेतीन तास नाचवल्यावर माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. मी दुआ म्हटली आणि खाल्लं.

"सॉरी आजी," ती पुण्याची मुलगी आली. "खरी अजान होईपर्यंत उजेड जातो हो, म्हणून आधी घेतलं. तुम्हाला हिने सांगितलंय असं मला वाटलं."

नात म्हणाली, "आय थॉट शी टोल्ड यू."

"पण चेहरा काय सुंदर आलाय आजी तुमचा! खरी भूक दिसतेय."

"खरीच होती."

"आमची आजी निर्जळी उपास करते. चुकून काही पोटात गेलं तर देव रागावत नाही म्हणते."

"तुझ्या आजीचं तिला ठाऊक. आमच्यात विसरून खाल्लं तर माफ आहे. वेळ चुकली तर रोजा गेला. ईदनंतर परत ठेवायचा, आणि आज मगरिबपर्यंत तोंडही बंद ठेवायचं. कळलं? आता माझं घड्याळ दे."

तिने दिलं. पंचवीस मिनिटं मी तशीच बसले. तो म्हातारा पुन्हा माझ्याकडे बघेना, हेही बरं वाटलं नाही. त्याला वाटलं असेल, ही म्हातारी बेशरम आहे. जाऊन सांगावं तर मला अरबी तेवढी येत नाही. तोफ उडाली तेव्हा सगळ्यांनी हात पुढे केले. मीही पाणी प्याले. कॅमेरेवाला गर्दीचं चित्र घेत फिरत होता.

नात गाडीत रडली. मी तिची समजूत घातली नाही.

कार्यक्रम ईदच्या आधी लागला. आमच्या खैतानमधल्या बायकांचे फोन आले, चेहऱ्यावर काय नूर होता म्हणे. प्रत्येकीला मी सांगितलं की तो रोजा मोडला होता. मुलगा वैतागला. "अम्मी, कशाला सगळ्यांना सांगत बसतेस? छान दिसतंय ना?"

"दिसतंय म्हणूनच सांगते."

ईद झाल्यावर तिसऱ्या दिवशी मी तो रोजा परत ठेवला. घरात सगळे जेवत होते. संध्याकाळी रोजा सोडायला सुनेने माझ्यापुरती पेज केली. भरायचा तो भरला, पण यंदाच्या रमजानमधला एक कमीच राहिला, तो काही परत येत नाही.

हे झालं ते मला झालं. मी बहात्तर वर्षांची, चौथी शिकलेली, रत्नागिरीकडची बाई, खैतानमध्ये मुलाकडे राहते.