पूर्णत्वाचा दाखला आणि आमची बिल्डिंग

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. रिकामे डबे फेकवत नाहीत म्हणून माळ्यावर जात राहतात आणि एक दिवस माळा उघडला की सगळे अंगावर येतात, तसं माझ्या सोसायटीच्या किश्शांचं झालंय. लग्नकार्यात चार बायका जमल्या की कोणीतरी म्हणतंच, "बाई, तुमच्या बिल्डिंगीचं सांगा ना." मी सांगते आणि त्या हसतात. मला मात्र अजूनही हसू नंतर येतं, आधी छातीत धडकी भरते.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. वर्ध्यात, सेलूच्या रस्त्याला, नोकरदारांनी मिळून सोसायटी काढली आणि तीन मजली बिल्डिंग उभी केली. कारकून, मास्तर, कंपाउंडर असे सगळे. पगार ऑफिसात, जीव गावच्या वावरात! शेतीशी काडीचा संबंध नसलेली मी एकटीच. माझे वडील हिंगणघाटला गिरणीत होते आणि मी शाळेत भूगोल शिकवायची.

लोक राहायला आले, पण नगरपालिकेचा पूर्णत्वाचा दाखला काही मिळाला नव्हता. बिल्डिंग नकाशाप्रमाणे आहे असं ओव्हरसियरनी म्हटलं की दाखला मिळणार, आणि दाखला मिळाला की नळ. तोवर कंपाउंडातली विहीर. आमचा ब्लॉक तिसऱ्या मजल्यावर, त्यामुळे मला दाखल्याचं महत्त्व कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. रोज सकाळी दोन्ही हातांत बादल्या घेऊन जिना चढताना ते आपोआप समजायचं.

*

सासूबाई आंजीहून आमच्याकडे राहायला आल्या तो पहिला धक्का. दारातच उभ्या राहिल्या आणि विचारलं, आपल्या खाली कोण राहतं? मी सांगितलं, वानखेडे कंपाउंडर. तर त्यांचं देवघर कुठे आहे, हा पुढचा प्रश्न.

"मले काय मालूम?" आमचे हे म्हणाले.

सासूबाई तशाच खाली उतरल्या, वानखेड्यांच्या घरात गेल्या, देवघर पाहिलं आणि वर येऊन आमच्या हॉलमध्ये खडूने एक चौकोन आखला. "याच्यावर कोणी पाय ठेवाचा नाई. खाली देव हायेत."

आमच्याकडे आलेले पाहुणे त्या चौकोनाला वळसा घालून खुर्चीवर बसत. शाळा तपासायला येणारे साहेबसुद्धा एकदा मुकाट्याने वळसा घालून गेले. हेही मी पचवलं. पण नंतर कळलं की तळमजल्यावर आमचे चेअरमन भगवंतराव ठाकरे यांचं देवघर आहे, आणि त्याच्या नेमकं वर वानखेड्यांनी, नकाशात नसलेला, नवा संडास बांधलाय!

मीटिंग झाली. मला वाटलं, आता नकाशा निघेल आणि संडास पडेल. सर्वानुमते ठराव झाला तो असा, की ठाकऱ्यांचे देव स्वयंपाकघरात हलवावेत.

*

मी सेक्रेटरी कशी झाले हेही याच ओघात सांगते. आधीचे सेक्रेटरी बदली होऊन चंद्रपूरला गेले. नवा निवडायला सगळे आमच्या हॉलमध्ये जमले, अर्थात चौकोन सोडून. मी आत चहा करत होते. कप घेऊन बाहेर आले तर टाळ्या वाजल्या. मला वाटलं, चहाला वाजवतायत.

"कोणी तयारच नव्हतं," भगवंतराव कप उचलत म्हणाले. "आन् तुम्ही इथं नव्हत्या, म्हणून विरोध बी झाला नाई."

*

ओव्हरसियर पहिल्यांदा आले तेव्हा मी नवी कोरी सेक्रेटरी. मोठा कडक माणूस. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, बोलणं सरकारी कागदासारखं. चहासुद्धा घेत नसत. मला हायसं वाटलं. हा माणूस सगळ्यांना वठणीवर आणील आणि आपल्याला नळ मिळेल.

मधल्या मजल्यावर, वानखेड्यांकडे गेलो. दार उघडलं आणि मी चाटच पडले. हॉल आणि आतली खोली यांच्या मधली भिंतच नाहीशी! तिच्या जागी झिरमिळ्यांची तोरणं. मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, घरीच करायचं होतं आणि मंडळी बसायला जागा पुरत नव्हती, म्हणून वानखेड्यांनी दोन गडी लावून भिंत काढली होती. गावाकडे कुडाची भिंत काढतात आणि कार्य आटोपलं की परत घालतात, तशी.

ओव्हरसियरनी नकाशा पाहिला, वर छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"बाई, वरच्या मजल्यावर कोण राहतं?"

"मी," मी म्हटलं.

"मग आपण थोडं बाजूला उभ्या राहा," ते म्हणाले. आता बाजूला म्हणजे कुठे! खाली उभी राहिले काय आणि वर झोपले काय, मरण मलाच. वानखेडे मात्र शांत. घर माझं, भिंत माझी, तिचं काय करायचं ते मी ठरवीन, असं त्यांचं म्हणणं. भिंत परत बांधेपर्यंत दाखला नाही असं सांगून ओव्हरसियर निघून गेले. आणि मी बादल्या घेऊन विहिरीवर गेले.

*

भिंत परत झाली. ओव्हरसियर परत आले. या खेपेला त्यांना वरच येता आलं नाही, कारण जिन्यात कापूस होता.

झालं असं, की सरकारी खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग लागलेली. भगवंतरावांचं वावरही आंजीलाच, तिथला सगळा कापूस त्यांनी घरी आणून ठेवला. दोन्ही खोल्या छतापर्यंत भरल्या, ठाकऱ्यांचं कुटुंब स्वयंपाकघरात देवांजवळ झोपायला लागलं आणि उरलेला कापूस जिन्यात आला. सगळी बिल्डिंग अंग खाजवत होती, पण तक्रार एकाचीही नाही. प्रत्येकाच्या गावी हेच चाललं होतं ना!

ओव्हरसियर कापसासमोर उभे. जिना एकच आहे, आग लागली तर वरचे लोक उतरतील कुठून, असं त्यांनी विचारलं. भगवंतराव कापसाच्या ढिगावर रेलून बसले होते. प्रश्न त्यांनी नीट ऐकून घेतला, विचार केला.

"आग लागनच काऊन जी?" ते म्हणाले, आणि विडी पेटवली.

ओव्हरसियर इतक्या झपाझप कंपाउंडाबाहेर पडले की त्यांना थांबवायला मला पळावं लागलं.

*

आता बजेटचं. पावसाळ्यात आमचं छत गळायला लागलं. मी मीटिंगमध्ये मांडलं की गच्चीला डांबर आणि सिमेंटचा थर द्यायला सगळ्यांनी वर्गणी काढू. तळमजल्याने विचारलं, गळतंय कोणाकडे? मधला मजला म्हणाला, आमच्यापर्यंत पाणी पोचलं की बघू. मी म्हटलं, अहो, छत सगळ्यांचं आहे! तर भगवंतरावांनी अगदी मायेने समजावलं, "बाई, छत त्याचं, जो त्याच्या खाली झोपते."

मग तोडगाही त्यांनीच काढला. गावाकडे धाब्याच्या घरांवर दरवर्षी पावसाच्या आधी पांढऱ्या मातीचा थर देतात, थेंब गळत नाही. माती फुकट, बैलगाडी त्यांची. फुकट हा शब्द ऐकताच सगळे हात वर गेले. आमच्या सोसायटीत पैशाच्या विषयावर झालेलं ते एकमेव एकमत.

त्या वर्षी एक थर पडला. गळती थोडी कमी झाली. पुढच्या वर्षी आणखी एक. नंतर दरवर्षीच. धाब्याच्या घरावर जुनी माती खरवडून नवी घालतात, हे आमच्याकडे कोणाला आठवलं नाही, की आठवूनही खरवडायचा कंटाळा आला, देव जाणे. एका वर्षी पांढरी माती मिळाली नाही, म्हणून भगवंतरावांनी वावरातली काळी आणली. काळी माती पाणी धरून ठेवते हे मी सातवीच्या वर्गाला दरवर्षी शिकवायची. मीटिंगमध्येही सांगितलं. "शाळेची गोष्ट येगळी," वानखेडे म्हणाले. कोणी चाललं तर मातीला भेगा पडतील म्हणून गच्चीला कुलूप लागलं आणि किल्ली भगवंतरावांकडे राहिली.

*

त्या थंडीत एका सकाळी छताच्या गिलाव्याचा मोठा पोपडा आमच्या पलंगावर पडला. नशीब, आम्ही दोघं उठलो होतो. वर पाहिलं तर छत मधोमध पोट सुटल्यासारखं खाली आलेलं.  भगवंतरावांकडे किल्ली मागायला निघाले, तर सासूबाईंनी कनवटीला लावलेली एक किल्ली काढून दिली. त्यांच्याकडे कुठून आली, हे विचारायचं भानही मला राहिलं नाही.

गच्चीचं दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थिजले.

समोर चना उभा होता. या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत, ओळीत पेरलेला, हिरवागार, घाट्यांनी लगडलेला. काळी माती रिकामी पडलेली भगवंतरावांना पाहवली नव्हती. आणि पाणी? ते सासूबाई घालत होत्या! मी विहिरीवरून तीन मजले चढवून आणायची, भांडी घासून झाली की तेच पाणी त्या गच्चीवर न्यायच्या.

"वाया काऊन घालवू?" त्या म्हणाल्या.

मी तिथेच सगळ्यांना बोलावलं. छत दाखवलं, गिलाव्याचा पोपडा दाखवला, रडलेसुद्धा. म्हटलं, आजच्या आज हे उपटा, माती खाली टाका, नाहीतर आम्ही मरू.  मी कोणाचं तरी पोर मारायला सांगितलंय अशा नजरेने सगळे माझ्याकडे पाहत होते. शेवटी यांच्याकडे वळले. त्या पलंगावर माझ्या शेजारी झोपणारा माणूस!

"उभं पीक सोंगनीच्या आधी कोणी उपटते काय?" हे म्हणाले. माझ्याकडे न बघता.

आता माझी सगळी भिस्त ओव्हरसियरवर. मी स्वतः नगरपालिकेत गेले, हात जोडले, आणि ते दुसऱ्या दिवशी आले. जिना मोकळा होता, भिंत जागेवर होती. आमच्या झोपायच्या खोलीत त्यांनी छत पाहिलं, काठीने ठोकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. हा स्लॅब एवढं वजन पेलायला घातलेलाच नाही, असं ते म्हणाले. पलंग आत्ताच्या आत्ता बाहेर काढा, वर जे काही असेल ते आजच उतरवायला लावतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या बाजूने बोललं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आम्ही वर गेलो. मागोमाग सगळी बिल्डिंग. भगवंतरावांनी टोपी काढून हातात धरली होती. मी दार उघडलं आणि बाजूला झाले.

ओव्हरसियरनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली.  मग खाली बसले, बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट दाराबाहेर नीट जोडून ठेवले आणि अनवाणी पायांनी मातीत उतरले. वाकून एक घाटा तोडला, सोलला, दाणा तोंडात टाकला.

"भगवंतराव," ते म्हणाले, "कवा सोंगता?"