'ळ' नसलेलं गाणं

आज दुपारी पुण्याहून नातीचा फोन आला. कॉलेजच्या समूहगीतात ती 'डोळे'ऐवजी आपलं वऱ्हाडी 'डोये' म्हणाली अन् सगळे हसले. "आजी, मले नाही जायचं आता तिथं!"

मले माझं यवतमाळचं कॉलेज आठवलं, साठ वर्षांपूर्वीचं. गाण्याचे सर पुण्याकडून नवीनच आलेले. "समूहगीताले गाता येत नसलं तरी या," म्हणाले, अन् गाणं निवडलं ते नेमकं आभाळाचं. आम्ही सारे जोरात 'आभाय, आभाय' गाऊन राह्यलो! सरांना हसू आवरेना.

दुसऱ्या दिवसापासून कळंबचा रशीद नुसते ओठ हलवे. सगळ्यात मोकळा आवाज त्याचाच होता. सरांच्या ते ध्यानात आलं. आठवडाभर वह्या चाळून त्यांनी दुसरं गाणं आणलं. त्यात एकही 'ळ' नव्हता! रशीद असा गायला की खिडकीतली कबुतरं उडाली.

गॅदरिंगच्या दिवशी सर माइकसमोर उभे राहिले, अन् त्यांच्याच तोंडून निघालं, "नमस्कार, मंडयी!"

सगळ्यात मोठ्यानं रशीद हसला. मग सरही.

हे सारं नातीले सांगतलं, तर उद्या जाते म्हणे. तर मंडयी, 'ळ' नसलेलं एखादं सोपं गाणं सुचवा ना!