सत्काराची यादी

तुमचा बाकावरचा मित्र परदेशातून येतोय आणि आपल्या कॉलेजात त्याचं व्याख्यान ठेवायचंय, असं प्राचार्यांनी हौसेनं सांगितलं, तेव्हा माझ्या पोटात दुखायला लागलं. खोटं कशाला बोलू? मी भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. घाटनांदूरच्या अलीकडं आमची बागायती जमीन, चुलते संस्थेचे अध्यक्ष. नोकरीसाठी मला कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही. तो ऊसतोड्याचा पोरगा. दसरा-दिवाळी आटोपली की त्याचे आई-बाप बैलगाडी जुंपून कारखान्याकडं निघायचे, ते उन्हाळा लागला की परतायचे. बीएस्सीला आम्ही एका बाकावर बसलो. पुढं पीएचडीही एकाच विषयात केली, मी इथं आणि त्यानं बाहेर. माझा प्रबंध कपाटात गेला. त्याचं काम जगभर वाचतात.

विषय एका दमात सांगतो. क्वांटम संगणकाची एक जात अशी आहे, की तिला अवघड गणित एकदम घालत नाहीत. आधी एक सोपी रचना घेऊन ती सगळ्यात कमी ऊर्जेच्या जागी शांत बसवतात आणि मग हळूहळू बदलत तिला अवघड गणितापर्यंत नेतात. बदल सावकाश झाला, तर रचना शेवटपर्यंत तळालाच राहते आणि तो तळ म्हणजेच उत्तर. वाटेत एक ठिकाण असं येतं, की तळ आणि त्याच्या वरची पायरी अगदी जवळ येतात. तिथं घाई झाली की रचना वर उडी मारते आणि सगळं फसतं. बरं, सगळा रस्ता हळू जावं म्हटलं तर तेवढ्या वेळात बाहेरच्या बारीकसारीक धक्क्यांनी ती बिघडते. तेव्हा कुठं हळू जायचं आणि कुठं पळवायचं, एवढाच सगळा खेळ. मी पाच वर्षं हा वेग कागदावर ठरवत बसलो आणि बहुतेक वेळा तोंडावर पडलो. प्रबंध फारच बारीक दिसतोय असं मार्गदर्शक म्हणाले, म्हणून फसलेले सगळे प्रयोग मी परिशिष्टात कोंबले. त्यानं मात्र वेग ठरवायचं काम मशीन लर्निंगवर सोपवलं. त्याचं यंत्र ते शिकलं आणि तो मोठा झाला.

मध्ये दोनेक वर्षांपूर्वी त्याचा फोन आला होता. "काय बे, तुझ्या प्रबंधाच्या मागं ते फसलेले प्रयोग हायेत ना? सगळे धाडून दे."

"कावून?"

"लागतेत मला. मग सांगतो."

मी समजलो, हा तिथल्या मित्रांना दाखवून हसणार. नाही म्हणालो असतो तर मीच कोता दिसलो असतो, म्हणून दात-ओठ खात सगळी फाईल पाठवली. पुढं त्याचा शोधनिबंध छापून आला. मी दोन पानं वाचली आणि मिटला.

व्याख्यानाची व्यवस्था माझ्याकडंच आली. आमच्या भागात एखाद्याला बोलू द्यायचं नसेल, तर त्याला अडवावं लागत नाही. भरपूर सत्कार ठेवले की झालं. मी तारीख धरली ती दाट लग्नतिथीची, कारण चुलत्यांना साडेबाराच्या मुहूर्ताला अक्षता टाकायला जायचं होतं आणि ते उठले की सभागृह उठतं. मग यादी करायला बसलो. निवृत्त मुख्याध्यापक, नवे सरपंच, कबड्डीचा संघ, सेट पास झालेले दोघं, मंडपवाला. एकेक नाव लिहिताना मला जो आनंद होत होता, तो प्रबंध लिहिताना कधी झाला नव्हता.

झालंही तसंच. त्याला फेटा बांधला, शाल-नारळ दिला, आणि मग तो तासभर खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या सत्काराला टाळ्या वाजवत राहिला. चुलत्यांचं अध्यक्षीय भाषण आधीच उरकलं. त्याच्या वाट्याला पंधरा मिनिटं आली. स्लाईड पुढं सरकवायला लॅपटॉपवर मीच होतो.

त्यानं घड्याळ बघितलं आणि स्लाईड सोडूनच दिल्या. "माझा बाप उसाची गाडी भरून निघाला," तो म्हणाला, "की सपाटीला बैलं मोकळी सोडायचा. पर ओढ्याचा उतार आला की खाली उतरायचा आन् बैलाच्या म्होरं पाऊल पाऊल चालायचा. सगळाच रस्ता तसा चालला असता तर ऊस वाळला असता. उतारावर पळवलं असतं तर गाडी उलथली असती. उतार कुठं हाय, ते त्याला उलथलेल्या गाड्यांनी शिकवलं. आमचं यंत्रबी तसंच शिकतंय."

सभागृहात डोकी हलायला लागली. हाच धडा मी बारा वर्षं शिकवतोय, माझ्यासमोर एक डोकं असं हललं नाही. तो म्हणाला, "आता शेवटचं आन् मोलाचं," आणि तेवढ्यात चुलते उठले. सगळे उठले. तो हात जोडून हसला. मला म्हणाला, "ऱ्हाऊ दे. तू तर आधी बघितलंच असशील."

पेनड्राईव्ह त्यानं आदल्या दिवशीच दिला होता, उघडून बघ म्हणून. मी मुद्दाम बघितला नव्हता.

आमच्या घरी त्याचं जेवण होतं. त्याला पुढं पाठवून मी सामान आवरायला मागं थांबलो आणि ती शेवटची स्लाईड उघडली. माझ्या परिशिष्टाचं पान होतं, समासात माझ्याच अक्षरातल्या खुणा. वर माझं पूर्ण नाव. खाली लिहिलं होतं: ह्या उलथलेल्या गाड्या नसत्या तर आमच्या यंत्राला उतार दिसला नसता. त्याच्याही खाली, फक्त बोलणाऱ्याला दिसते त्या जागेत, त्यानं स्वतःसाठी टीप लिहिली होती: "त्याला मंचावर बोलवायचं. त्याच्या चुलत्यांसमोर सांगायचं. इथं घाई करायची न्हाई."

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. लाज वाटायला हवी होती, ती मागून आली. आधी हेवाच वाटला, की एवढं मोकळं मनसुद्धा ह्यालाच मिळावं. मग खिशातली सत्काराची यादी काढली. तिच्यात मंडपवाला होता, माझं नाव नव्हतं.

घरी गेलो तर ताटं वाढलेली होती. तो माझ्यासाठी जेवायचा थांबला होता.