शनिवारी दार कोण वाजवणार

स्वयंसेवक सांभाळणाऱ्या माणसाकडे स्वयंसेवक कमी आणि किस्से जास्त असतात. माणसं सोडून जातात, किस्से जात नाहीत. मित्रमंडळींत मी ते सांगते, सगळे हसतात. मीही हसते, पण काळजी सुटत नाही. कारण आमच्या संस्थेचं काम एकच: इथे परदेशात, क्लेमेंटी भागातल्या छोट्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे दर शनिवारी कुणीतरी पाठवायचं. दार वाजवायचं, चहा प्यायचा, गप्पा मारायच्या.

एखाद्या शनिवारी दार उघडलंच नाही तर? आणि ते कधीपासून उघडलेलं नाही, हेही कुणाला माहीत नसेल तर? या धास्तीपोटी आम्ही मिळेल त्या ट्रेनिंगला जातो.

*

पहिल्या ट्रेनिंगला माझ्याबरोबर शिरीषकाका होते. जहाजावरचे निवृत्त मरीन इंजिनिअर, आमचे सगळ्यात जुने स्वयंसेवक. ट्रेनरबाईंनी त्यांना एकटे राहणारे आजोबा केलं आणि मला त्यांच्याकडे येणारी पाहुणी. मी हवेतच टकटक केली. काका ढिम्म.

"अंकल, आता दार उघडा," बाई म्हणाल्या.

"नाही उघडता येत. मी बाथरूममध्ये पडलोय. आता ही काय करणार ते सांगा."

बाईंनी स्लाइड पुढे सरकवल्या, मागे आणल्या. "अंकल, ते पुढच्या मॉड्यूलमध्ये आहे. पुढच्या महिन्यात."

"बरं," काका म्हणाले. "तोवर पडून राहतो."

वर्ग हसला. मी मात्र त्या संध्याकाळी घरी जाण्याआधी आमच्या सगळ्या आजी-आजोबांची दारं वाजवून आले.

*

मग तांजोंग पगार नावाच्या भागातल्या एका चकचकीत ऑफिसात नेटवर्किंग. वेगवेगळ्या संस्थांचे लोक, गळ्यात नावाच्या पट्ट्या, हातात करी पफ. एकमेकांकडून शिकावं असा उद्देश. प्रत्यक्षात प्रत्येकाला दुसऱ्याचे स्वयंसेवक हवे होते. एका बाईंनी तर बोलता बोलता काकांची तब्येत, शिक्षण आणि रिकामा वेळ, सगळं काढून घेतलं. मी काकांचा कोपर धरला तो सोडलाच नाही.

"अगं सई, जत्रेत आलोय का आपण?"

"तुम्ही गेलात तर गोह आंटींकडे कोण जाईल?"

गोह आंटी नवव्या मजल्यावर राहतात. गुडघे गेलेले, मूलबाळ नाही. त्यांच्याकडे काका आणि निखिल नावाचा आमचा दुसरा स्वयंसेवक आलटून पालटून जायचे.

परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, काकांनी खिशातून मिळालेली कार्डं काढली आणि पत्त्यांसारखी पिसली. "सगळ्यांनी विचारलं, शनिवारी मोकळे आहात का. मंगळवारचं एकानेही विचारलं नाही. म्हातारी माणसं मंगळवारी पडत नसावीत."



*

त्या नेटवर्किंगचं फळ म्हणजे एका कंपनीतले लोक एक दिवस समाजसेवेला आले. सगळ्यांचे एकाच रंगाचे टी-शर्ट. सगळे गोह आंटींच्या एका खोलीत शिरले, कॉटभोवती दाटीवाटीने उभे राहिले आणि फोटोसाठी हसले.

आंटींचा चेहरा उतरला. "कोण गेलं?"

"कुणी नाही, आंटी."

"खोटं बोलू नको, लाह," त्या इथल्या बोलीत म्हणाल्या. "एवढी माणसं एकदम येतात तेव्हा कुणीतरी गेलेलं असतं." मग मला जवळ ओढून त्यांनी हळूच विचारलं, "मी नाही ना?"

*

निखिल पुण्याचा, आयटीतला. आपली एक पाळी चुकवली नाही त्याने. मग त्याच्या कंपनीने अख्खी टीम काढली. इथे नोकरी गेली की कामाचा परवाना, म्हणजे पास, जातो आणि पास गेला की देश सोडावा लागतो. शेवटच्या शनिवारीही तो आंटींकडे जाऊन आला.

मी विचारलं, "सांगितलंस त्यांना?"

"नाही. पुढच्या पाळीला भेटू म्हणालो."

"असं कसं म्हणालास?"

"मग तू सांग ना. तुझं ट्रेनिंग झालंय."

माझ्याच्यानेही सांगवलं नाही. त्याच्या पाळीला मी जायला लागले, एवढंच.

*

आणि मग ते पूर्ण दिवसाचं ट्रेनिंग आलं, 'स्वयंसेवक टिकवायचे कसे'. सगळ्यांनी यायचंच, असा आमच्या ऑफिसचा आग्रह. ऑफिसला कुलूप लावून आम्ही सगळे गेलो. वार शनिवार. हॉलमध्ये इतर संस्थांचीही सगळी माणसं.

ट्रेनर सांगत होते, "तुमचा स्वयंसेवक आला नाही, तर ते कुणाला तरी जाणवलं पाहिजे."

काका माझ्याकडे झुकले. "आंटींकडे आज कोण गेलंय?"

"तुमची पाळी ना?"

"माझी असती तर मी इथे बसलो असतो का?"

पुढच्या टेबलावरच्या बाईंनी आमच्याकडे वळून पाहिलं आणि पर्समधून फोन काढला. मग त्यांच्या शेजारच्याने काढला. हळूहळू सगळ्या हॉलमध्ये खुर्च्या सरकू लागल्या.

आम्ही टॅक्सीने क्लेमेंटी गाठलं. नववा मजला. मी टकटक केली. मग दारावर मूठ आपटली. काकांनी आंटींना फोन लावला, तर आत रिंग वाजत राहिली. 

शेजारणीने जाळीच्या दाराआडून सांगितलं, "ती सकाळीच गेली. काठी घेऊन. चांगला ब्लाऊज घालून."

गोह आंटी एकट्या कधीच खाली उतरत नाहीत. आम्ही बसस्टॉप पाहिला, बाजार पाहिला, क्लिनिक पाहिलं. काका मधेच कठड्याला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "तू पुढे हो." मी त्यांना सोडलं नाही. शेवटी मदतीला माणसं बोलवावीत म्हणून आम्ही आमच्या ऑफिसकडे वळलो.

आमच्या बंद दारापाशी गोह आंटी उभ्या होत्या. काठीने टकटक करत होत्या, थांबून कान लावत होत्या, पुन्हा टकटक करत होत्या. आम्हाला पाहिल्यावर त्यांनी काकांचा दंड घट्ट धरला. 

"सकाळी कुणी आलं नाही म्हणून निघाले. तेव्हापासून वाजवतेय," त्या म्हणाल्या. "आतून कुणी बोलेना. तुम्हाला काही झालं असतं, तर मला कुणी सांगितलं असतं?"